धुराची रेघ

टेक्ससमधल्या ट्रॅक्सॅस कंपनीने १९९९ साली ‘टी-मॅक्स’ हा रिमोटवर धावणारा ट्रक बाजारात आणला. लांबीला हातभर, चारही चाकांना इंजिनाची ओढ, दोन गिअर, आणि वर रिव्हर्ससुद्धा. पुढे त्यात टीआरएक्स ३.३ हे इंजिन आलं. ३.३ सीसीचं, सहज मुठीत मावणारं. अंगणातल्या मातीत तो ट्रक उड्या मारू लागला की लहानथोर सगळे गोळा होतात. पण हा ट्रक बाळगणाऱ्यांचा बराच वेळ ट्रक पळवण्यात जात नाही. तो जातो हातात छोटा स्क्रू-ड्रायव्हर धरून, कान इंजिनाकडे लावून उकिडवं बसण्यात.

जुन्या बजाज स्कूटरच्या टाकीत पेट्रोलबरोबर ऑईल ओतलेलं ज्यांना आठवतं, त्यांना हे इंजिन अर्धं ओळखीचं वाटेल. हेही टू-स्ट्रोक. ऑईलचा पंप नाही, वंगण इंधनातूनच येतं. फरक इंधनात आहे. इथे पेट्रोल नसतं. मेथनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑईल यांचं मिश्रण असतं. नायट्रोचं प्रमाण साधारण १० ते ३३ टक्के, त्यात २० टक्क्यांचं इंधन पुष्कळजण वापरतात. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, नायट्रोमिथेनला मात्र १.७ किलो पुरते. म्हणजे हवेच्या तेवढ्याच घोटात कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. एवढ्याशा इंजिनाच्या ताकदीचं मर्म इथे आहे.

ठिणगी तर या इंजिनात नसतेच. सिलिंडरच्या डोक्यावर ग्लो प्लग असतो, त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीकशी गुंडाळी. सुरू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीने ती लालबुंद करायची. एकदा इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी मेथनॉलच्या वाफेची प्रक्रिया, या दोन्हींवर गुंडाळी धगधगत राहते. रे आर्डेन या अमेरिकन संशोधकाने १९४७ च्या सुमारास हा प्लग विक्रीला आणला आणि मॉडेल विमानांतून ठिणगीसाठी लागणारं कॉइल-बॅटरीचं ओझं गेलं.

ट्यूनिंग म्हणजे मुख्यतः कार्ब्युरेटरवरच्या दोन सुया. हाय-स्पीड नीडल पूर्ण रेसवरचं इंधन ठरवते, लो-स्पीड नीडल स्लोवरचं आणि पिकअपचं. शिवाय स्लो किती ठेवायचा त्याचा एक स्क्रू. सुई उजवीकडे फिरवली की इंधन कमी, मिश्रण लीन. डावीकडे फिरवली की रिच. एका वेळी फार तर अष्टमांश फेरा, शेवटी शेवटी त्याच्याही निम्मा. मग ट्रक दोनतीनदा जोरात पळवायचा, इंजिनाला नव्या मापाची सवय होऊ द्यायची आणि मगच पुन्हा हात लावायचा. आधी हाय-स्पीड, नंतर लो-स्पीड. हा क्रम उलटा केला की दिवस वाया जातो.

सगळ्यात मोठा धोका असा की लीन होत जाणारं इंजिन आधी अधिकाधिक छान पळतं. आवाज तीक्ष्ण होतो, ट्रक सुसाट सुटतो, हौशी माणूस खूश होऊन सुई आणखी थोडी आवळतो. पण इंधन कमी म्हणजे ऑईलही कमी. शिवाय वाफ होताना मेथनॉल पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषून घेतं, तो गारवाही जातो. मिनिटभरात पिस्टन घासला जातो आणि ती झीज भरून येत नाही. म्हणून जाणकार नेहमी रिचच्या बाजूने सुरुवात करतात आणि सर्वोत्तम वेगाच्या किंचित अलीकडे थांबतात.

थांबायचं कुठे, हे धूर सांगतो. पूर्ण वेगातही मागे निळसर-पांढरी रेघ दिसलीच पाहिजे. रेघ नाहीशी झाली की ट्रक ताबडतोब थांबवायचा. थर्मामीटर असतो, डोक्याचं तापमान १३० अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नये असा संकेत आहे. थर्मामीटर नसेल तर डोक्यावर पाण्याचा थेंब टाकतात: तीनचार सेकंदांत चुरचुरत उडाला तर ठीक, टाकताक्षणी उडाला तर तापलंय. मात्र तापमानाच्या आकड्यावर बोट ठेवून ट्यून करणं चुकीचंच. थंड हवा दाट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून पहाटे सुई थोडी उघडावी लागते. समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवरच्या डेन्व्हरमध्ये ती आवळावी लागते. आकडा तोच दिसला तरी मिश्रण तेच असेल असं नाही.

लो-स्पीडची परीक्षा वेगळी. इंजिन स्लोवर असताना इंधनाची नळी चिमटीत दाबून धरायची. दोनचार सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडलं तर सुई बरोबर. लगेच बंद पडलं तर लीन, खूप वेळ रेंगाळलं तर रिच.

आणि तरीही बऱ्याच वेळा दोष सुयांचा नसतोच. रेस सोडल्यावर स्लो वरच लटकून राहतो, हळूहळू खाली येतो. लीन म्हणून माणूस सुई सोडत बसतो, पण खरं तर कार्ब्युरेटरच्या बुडाशी किंवा इंजिनाच्या मागच्या झाकणाशी हवा शिरत असते. इंजिन काढून सगळी तोंडं बंद करावीत, पाण्यात बुडवून इंधनाच्या नळीतून फुंकावं. बुडबुडे जागा दाखवतात. टाकीच्या झाकणाची रिंग सैल झाली तर सायलेन्सरमधून टाकीला मिळणारा दाब निसटतो आणि पूर्ण वेगात इंधन अपुरं पडतं. बॅटरी काढताच इंजिन मरत असेल तर पहिला संशय प्लगवर घ्यावा, तो स्वस्तही असतो. आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढवतच नसेल तर जबरदस्ती नको. आत इंधन साचलेलं असतं, द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून ट्रक उलटा करावा, दोरी ओढून इंधन बाहेर फेकू द्यावं. हे करताना जवळ आग नको. मेथनॉलची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही.

नव्या इंजिनाची दोरीही जड लागते, पण त्याचं कारण निराळं. पिस्टन ज्यात वरखाली होतो ती पितळी स्लीव्ह वरच्या टोकाला मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. तापल्यावर ती फुगते आणि पिस्टनला नेमकी जागा मिळते. म्हणून पहिल्या काही टाक्या रिच मिश्रणावर, सबुरीने संपवायच्या.

दिवस संपला की टाकी रिकामी करतात, उरलेलं इंधन इंजिन चालवूनच जाळतात, कारण मेथनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतात. प्लगच्या भोकातून ऑईलचे चार थेंब सोडतात. शेवटी फ्लायव्हीलवर पेनने केलेली खूण बघून ते हाताने फिरवतात आणि पिस्टन तळाशी आणून ठेवतात. वरच्या अरुंद भागात तो गरम असताना राहिला, तर स्लीव्ह गार होताना त्याला घट्ट आवळून धरते.