पथ्य कोणाचें, आणि कोणासाठीं?

अन्नांतही फॅशन असते. कोरिया देशांत सध्यां बारीक होऊं इच्छिणाऱ्या तरुणींमध्यें कच्च्या भाज्यांचें गार सॅलड, फळांचे थंड रस आणि कोंजॅकच्या शेवया व जेली यांचें मोठें प्रस्थ आहे. कोंजॅक म्हणजे आपल्या सुरणाच्याच गणांतील एक कंद. त्यांतील तंतुमय द्रव्य पाणी शोषून फुगतें. म्हणून पोट भरल्यासारखें वाटतें, पण अंगीं फारच थोडें लागतें.

ह्या अन्नांत दोष कोणता? तेथील जुनें वैद्यक म्हणतें, नुसतें अन्न पाहूं नये. तें कोणाच्या पोटांत जाणार, हेंही पाहावें. राजवैद्य हो जून याचा १६१३ सालीं छापलेला 'दोंगुई बोगाम' हा ह्या वैद्यकाचा थोर ग्रंथ. पुढें ली जे-मा (१८३७–१९००) यानें मनुष्याच्या चार प्रकृति मानिल्या. त्यांपैकीं 'सोउम' प्रकृतीचें पचन मुळांतच मंद व थंड. तिला आलें, जिनसेंग व ऊन अन्न हितकर, आणि गार अन्नानें तिचें पोट बिघडतें. उलट 'सोयांग' प्रकृतीचा जठराग्नि प्रखर. तिला काकडी व जव मानवतात, जिनसेंग मानवत नाहीं. म्हणजे एकच कोशिंबीर एका बहिणीस पथ्य, तर दुसरीस कुपथ्य! वातपित्तकफांशीं परिचय असलेल्या वाचकांस हा विचार परका वाटणार नाहीं.

तथापि जुनें तेवढें सोनें, असेंही नव्हे. ह्या शास्त्रांतील प्लीहा, वृक्क हीं नांवें आजच्या शारीरशास्त्रांतील अवयवांशीं तंतोतंत जुळत नाहींत. वजन आपोआप घटूं लागलें किंवा शौचावाटे रक्त पडलें, तर प्रकृतिविचार बाजूस ठेवून डॉक्टरांकडेच जावें. कोंजॅकचें चूर्ण भरपूर पाण्याविना घेऊं नये. त्याची जेली घशांत अडकून लहान मुलें व वृद्ध दगावल्याचीं उदाहरणें आहेत.

मग ह्या वैद्यकापासून घ्यावयाचें काय? त्याची विचारण्याची रीत. भूक वेळेवर लागते काय, हातपाय गार पडतात काय, शौचास साफ होतें काय, हें तेथील वैद्य आधीं विचारतो. मैत्रीण काय खाऊन बारीक झाली, ह्याच्याशीं त्यास कर्तव्य नसतें. वजनाचा कांटा उतरला, पण भूकच मेली, तर तो लाभ कसला? आपल्या घरांतील मुलगी नवें पथ्य आरंभील, तेव्हां तिला कांट्यावरील आंकडा विचारण्यापूर्वीं तिची भूक विचारावी.