ठासणीच्या बंदुकीची नळी आणि नेम

पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुकीचा नेम चुकू लागला की दोष नेम धरणाऱ्यास दिला जातो. नळी मात्र कोणी पाहत नाही. काळी दारू जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे उरतो. ही काजळी हवेतील ओल शोषून लोखंड गंजविते, नळी खडबडीत करते व गोळी भरकटते. काजळीमुळे गोळी दारूपर्यंत न पोहोचता मध्येच अडकल्यास नळी फुटण्याचाही धोका असतो. नुसत्या तेलाने ही काजळी निघत नाही. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवावी, गजाच्या चिंधीने कोरडी करावी, मगच तेलाचा हलका हात द्यावा. पुन्हा भरण्यापूर्वी हे तेल पुसून काढावे. अन्यथा दारू ओलावून बार फुसका जातो.