लाल चिमटा, पिवळा चिमटा

ईसीजी काढताना हातापायांना चार चिमटे लावतात. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा आणि उजव्या पायाला काळा. घाईत लाल-पिवळ्याची अदलाबदल झाली, तरी आलेख स्वच्छ छापला जातो. म्हणूनच तो फसवतो.

आलेखातल्या प्रत्येक नोंदीला लीड म्हणतात. लीड १ ही साधी वजाबाकी आहे: डाव्या हाताच्या विद्युतदाबातून उजव्या हाताचा वजा. हृदयातली विद्युतलहर साधारण उजवीकडून डावीकडे, खाली जाते. त्यामुळे या लीडमध्ये पी, क्यूआरएस आणि टी तिन्ही लाटा बहुधा वर उठतात. चिमटे बदलले की वजाबाकी उलटते आणि तिन्ही लाटा खाली तोंड करतात. हातापायांच्या इतर लीडपैकी २ आणि ३ एकमेकींच्या जागी जातात, तशाच एव्हीआर आणि एव्हीएल. एव्हीएफ मात्र जशीच्या तशी राहते.

हृदय उजवीकडे असलेल्या माणसाचीही लीड १ अशीच उलटी दिसते. मग ओळखायचं कसं? छातीवरच्या लीड पाहा. व्ही१ कडून व्ही६ कडे जाताना आर लाट, म्हणजे क्यूआरएसमधली वर उठणारी लाट, नेहमीसारखी उंच होत असेल, तर हृदय डावीकडेच आहे, चूक चिमट्यांची. हृदय उजवीकडे असेल तर ती लाट खुजी होत जाते. छातीच्या लीड या चुकीने बिघडत नाहीत, कारण त्यांची तुलना दोन्ही हात आणि डावा पाय यांच्या सरासरीशी होते. हात बदलले तरी सरासरी तीच. मला यातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं.

लाल आणि काळा बदलले तर लीड २ जवळजवळ सपाट येते, कारण आता ती दोन पायांतला फरक मोजते आणि तिथे फरक नगण्य असतो. खरी भीती पिवळ्या-हिरव्याची. तो आलेख अनेकदा नॉर्मलच भासतो, पण हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका त्यात झाकला जाऊ शकतो किंवा नसलेला दिसू शकतो. बहुधा रुग्णाचा जुना ईसीजी शेजारी ठेवला तरच शंका येते.

छातीवर चूक होते ती उंचीची. व्ही१ आणि व्ही२ बरगड्यांमधल्या चौथ्या फटीऐवजी वर लागले, तर आर लाट खुरटते आणि जुन्या झटक्याचा भास होतो. गळ्याच्या खळगीतून बोट छातीच्या हाडावरून खाली न्या. एक आडवा उंचवटा लागेल. त्याला जोडलेली बरगडी दुसरी, तिच्याखालची फट दुसरी. तिथून आणखी दोन फटी खाली मोजायच्या.