राहिलेली झाडलोट

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'मँड्रिल' या अमेरिकी ई-मेल सेवेचा कारभार सुमारे ४० तास विस्कळीत झाला. खरेदीच्या पावत्या, पासवर्ड बदलण्याचे संदेश अशी पत्रे या सेवेमार्फत जातात. कोणी हल्ला केला नव्हता. 'पोस्टग्रेस' या डेटाबेसची नित्याची झाडलोट मागे पडली होती.

पोस्टग्रेसमध्ये नोंद बदलली वा पुसली तरी तिची जुनी प्रत जागा अडवून राहते. पत्रांची रांग डेटाबेसमध्ये ठेवणाऱ्या सर्व्हरवर हा प्रकार अहोरात्र चालतो: पत्र आले की नोंद तयार होते, पुढे तिची स्थिती बदलते आणि पत्र रवाना झाल्यावर ती पुसली जाते. हा मृत नोंदींचा कचरा 'ऑटोव्हॅक्यूम' काढतो. मात्र मूळ मांडणीनुसार टेबलातील सुमारे २० टक्के नोंदी मृत झाल्याखेरीज तो हातात झाडू घेत नाही. दहा कोटी नोंदींच्या टेबलात याचा अर्थ दोन कोटी मृत नोंदी! म्हणून अशा टेबलापुरते हे प्रमाण एक टक्क्यावर आणणे इष्ट.

झाडूवाले वाढवले की काम वेगाने उरकेल, हा समज मात्र फसवा आहे. एकाच वेळी काम करणाऱ्या प्रक्रियांची संख्या मुळात तीन असते. ती सहा केली तरी त्यांना मिळून ठरवून दिलेली कामाची मर्यादा तेवढीच राहते आणि प्रत्येकीचा वेग मंदावतो. वाढवायची ती ही मर्यादा. दोन टप्प्यांमधील सक्तीची विश्रांती पूर्वी २० मिलिसेकंद होती. २०१९च्या बाराव्या आवृत्तीत ती दोनवर आली.

गर्दीच्या वेळी सर्व्हर मंदावला म्हणून ऑटोव्हॅक्यूम बंद करणे हा तर आत्मघातच. डेटाबेस लिखाणाच्या प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देतो, आणि वापरता येणारे क्रमांक सुमारे दोनशे कोटीच असतात. जुन्या नोंदी 'गोठवून' हे क्रमांक पुन्हा मोकळे करणे हेही ऑटोव्हॅक्यूमचेच काम. एखाद्या टेबलातील सर्वांत जुना क्रमांक वीस कोटींनी मागे पडला, की बंद केलेला ऑटोव्हॅक्यूमही सक्तीने सुरू होतो, मग सोमवारची सकाळ का असेना! तरीही क्रमांक संपत आले, तर डेटाबेस नवे लिखाण नाकारतो. मँड्रिलच्या एका डेटाबेसवर हीच वेळ आली होती.

कोणी एखादा अहवाल काढायला घेऊन तो व्यवहार दिवसभर उघडाच ठेवला, तर त्यानंतर मृत झालेल्या नोंदींना ऑटोव्हॅक्यूम हात लावू शकत नाही. तेथे आकडे बदलून उपयोग नसतो. तो व्यवहारच बंद करावा लागतो.