स्वातंत्र्याचे मापन : निर्देशांकांची पद्धती आणि मर्यादा

प्रास्ताविक :
कार्ल पॉपर यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मुक्त समाजाची संकल्पना विस्ताराने मांडली. टीकेला वाव देणारा आणि राज्यकर्ते रक्तपाताविना बदलू शकणारा समाज, हा तिचा गाभा होय. असा मोकळेपणा अंकांत मोजता येतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मापनाची पद्धती :
अमेरिकेतील 'फ्रीडम हाऊस' ही संस्था १९७३ पासून देशांची वार्षिक पाहणी प्रसिद्ध करते. तिच्या प्रचलित पद्धतीत राजकीय हक्कांना ४० आणि नागरी स्वातंत्र्याला ६० गुण असतात. विश्लेषकांनी दिलेल्या या गुणांवरून देश 'मुक्त', 'अंशतः मुक्त' अथवा 'अमुक्त' ठरतो. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेल्यास गुण भिन्न पडतात, हा प्राध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे. विश्लेषकांचेही तसेच घडू शकते. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाचा 'व्ही-डेम' प्रकल्प यासाठी तज्ज्ञांपुढे समान काल्पनिक प्रसंग ठेवतो, त्यावरून कोण कडक व कोण उदार हे ताडून गुणांचे समायोजन करतो आणि उरलेली अनिश्चितताही नोंदवतो.

भारताचे उदाहरण :
२०२१ च्या अहवालात फ्रीडम हाऊसने भारताचे गुण ७१ वरून ६७ वर आणले व देशाची गणना 'अंशतः मुक्त' गटात केली. केंद्र शासनाने हा निष्कर्ष फेटाळला. २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या एका शोधनिबंधाने अशा निर्देशांकांच्या व्यक्तिनिष्ठतेवर बोट ठेवले. हा आक्षेप दखलपात्र आहे. परंतु त्याने प्रश्न संपत नाही. मोजपट्टी मुळातच कडक असेल, तर ती पूर्वीच्या वर्षांतही कडकच होती. त्यामुळे देशाच्या स्वतःच्या गुणांत झालेल्या घसरणीचे कारण वेगळे शोधावे लागते. अर्थात, पद्धती बदलली नसेल तरच हा युक्तिवाद टिकतो. 'रिपोर्टर्स विदाऊट बॉर्डर्स'ने वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या निर्देशांकाची पद्धती २०२२ मध्ये बदलली. तिच्या आधीच्या व नंतरच्या क्रमांकांची थेट तुलना करणे योग्य ठरत नाही.

समारोप :
सारांश, क्रमांकापेक्षा गुण आणि एकूण गुणांपेक्षा घटकनिहाय गुण अधिक बोलके असतात. इतर देश पुढे गेल्यानेही आपला क्रमांक घसरू शकतो. निर्देशांक संशोधनात उद्धृत करताना अथवा वर्गात मांडताना कोणत्या प्रश्नावर गुण गेले आणि त्यामागे कोणती घटना होती, हे तपासणे अगत्याचे आहे. ते न केल्यास निर्देशांकाचा स्वीकार आणि धिक्कार, दोन्ही सारखेच निराधार ठरतात.