होटगीचा मठ आणि वीरशैवांचे मूळ

वाडी आणि विजापूरचे लोहमार्ग जिथे वेगळे होतात त्या सोलापूरजवळच्या होटगीत वीरशैवांचा बृहन्मठ आहे. हा पंथ कुठून आला, याची उत्तरे मात्र दोन आहेत. मठपरंपरा पंथाचे मूळ पंचाचार्यांकडे, म्हणजे रंभापुरी, उज्जयिनी, केदार, श्रीशैल आणि काशी या पाच पीठांच्या आद्य आचार्यांकडे नेते. दुसरा पक्ष ते मूळ बाराव्या शतकातील बसवण्णांमध्ये पाहतो, ज्यांनी कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) बिज्जल राजाच्या दरबारी असताना जातिभेद नाकारला आणि ज्यांच्या भोवतीच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, वचने, म्हणजे छोटी गद्यकाव्ये, संस्कृताऐवजी लोकांच्या कन्नडात रचली. हा वाद निव्वळ इतिहासाचा नाही, कारण वीरशैव आणि लिंगायत एकच की वेगळे, हा आजचा प्रश्न त्यातूनच निघतो. आचारात मात्र दोन्ही पक्ष फारसे दूर नाहीत: इष्टलिंग, म्हणजे दीक्षेत मिळालेले लहानसे लिंग, गळ्यात धारण करायचे आणि तळहातावर ठेवून पुजायचे, त्यामुळे देवळाची गरज उरत नाही. तरीही सोलापुरात तलाव खोदवणाऱ्या शरण सिद्धरामांच्या नावाने मोठे देऊळ उभे आहे, आणि संक्रांतीला त्यांच्या यात्रेत सात उंच नंदीध्वज निघतात. पुढे संतकवी मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ लिहून वीरशैव विचार मराठीत आणला.