खोटे लिहिणे आणि खोटे ठरवणे

इंग्रजी शब्दकोशात ‘फॉल्सिफाय’ हे क्रियापद काढून पाहा. त्यापुढे दोन निराळे अर्थ दिलेले आढळतील. पहिला अर्थ, नोंदींत किंवा कागदपत्रांत लबाडीने फेरफार करणे. दुसरा अर्थ, एखादे विधान खोटे असल्याचे सिद्ध करणे. शब्द एकच, पण पहिल्या अर्थाने ते कृत्य विज्ञानात मोठा अपराध ठरते, तर दुसऱ्या अर्थाने ते विज्ञानाचे कर्तव्यच आहे.

प्रथम अपराध पाहू. प्रयोगशाळेत तुम्ही १०० सेंटिमीटर लांबीचा लंबक घेतलात. २० आंदोलनांना ४०.५ सेकंद लागले. यावरून गुरुत्वत्वरण ९.६३ येते; पुस्तकात तर ९.८ आहे. मग कोणी हळूच ४०.५ खोडून ४०.१ लिहितो आणि उत्तर ‘बरोबर’ येते. हे पहिल्या अर्थाचे फॉल्सिफाय. यात नुकसान काय? वेळ बरोबरच मोजली होती. लांबी दोऱ्याच्या टोकापर्यंतच मोजली आणि हुक व गोळ्याची त्रिज्या मिळून पावणेदोन सेंटिमीटर धरायचे राहून गेले, असे असू शकते. ती लांबी मिळवा, उत्तर ९.८ येईल. आकडा बदलणाऱ्याने चूक दाखवणारी खूणच पुसून टाकली!

आता दुसरा अर्थ. दख्खनचे पठार म्हणजे कठीण, प्राचीन खडक. येथे मोठा भूकंप होणे नाही, असा समज पूर्वी रूढ होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने त्याला पहिला तडा दिला. तरीही भूकंपप्रवणतेच्या नकाशात लातूरचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यातच राहिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो लोक मृत्युमुखी पडले. तो समज कायमचा खोटा ठरला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेऊन खालचे खडक तपासले. २००२ च्या नकाशात पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. विधान खोटे ठरले, म्हणूनच ज्ञान पुढे सरकले.

कार्ल पॉपर या विचारवंताने १९३४ साली हीच कसोटी मांडली : जे विधान खोटे ठरण्याची शक्यता असते, तेच वैज्ञानिक. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेड भागात ४.५ रिश्टरचा धक्का बसला. अशा धक्क्यानंतर ‘आता मोठा येणार’ अशी अफवा हमखास उठते आणि लोक रात्र उघड्यावर काढतात. या वाक्याला कसोटी लावून पाहा. भूकंप कोठे, केव्हा आणि किती तीव्रतेचा? काहीच सांगितलेले नाही. आज झाला नाही, तर ‘उद्या होईल’ म्हणायला वाव आहेच. असे विधान कधीच खोटे ठरत नाही. पण तो त्याचा भक्कमपणा नव्हे, पोकळपणा आहे. स्थळ, काळ आणि तीव्रता नेमकी सांगणारे भाकीत करण्याची पद्धत विज्ञानाला अजून सापडलेली नाही. घर भक्कम बांधणे मात्र आपल्या हाती आहे.

आता पुढील तीन विधाने वहीत उतरवून घ्या. १) लातूरला उघड्या भांड्यातले शुद्ध पाणी १०० अंश सेल्सिअसच्या थोडे खालीच उकळते. २) मांजर आडवे गेले की काम बिघडते, कधी लगेच, कधी उशिराने. ३) लंबकाचा गोळा जड केला की आंदोलनकाल वाढतो. प्रत्येकापुढे लिहा : काय घडलेले दिसले, तर हे विधान खोटे ठरेल? ज्यापुढची जागा कोरी राहील, त्याला विज्ञानाच्या वहीत स्थान नाही. उरलेली दोन थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन स्वतः तपासा; आणि जे आकडे येतील, तेच लिहा.